दशमानाचा फेरफार

ठाणे किंवा कल्याण तालुक्यातल्या जमिनीचं टायटल काढायला घ्या. माजिवडे, कोलशेत, बाळकूम असो की निळजे, घेसर, हेदुटणे, जुन्या फेरफारांच्या चळतीत एक नोंद बहुतेक वेळा भेटतेच. तिच्यात खरेदी नाही, वारस नाही, सोसायटीचा बोजाही नाही. नाणे कायदा १९५५ आणि वजने-मापे अंमलबजावणी कायदा १९५८ यांचा हवाला देऊन तलाठ्याने लिहिलेलं असतं, की गावच्या जमिनींची क्षेत्रं एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरमध्ये नेली आणि आकार, म्हणजे जमिनीचा सारा, रुपये-आणे-पैंचा रुपये-पैशांत केला. बस्स. मी तिला दशमानाचा फेरफार म्हणतो. सर्च रिपोर्टात तिची एका ओळीत बोळवण होते. वकील ती ओळ वाचत नाहीत आणि बिल्डर तर रिपोर्टाचं शेवटचं पानच उघडतो.

मला मात्र या नोंदीपाशी रेंगाळायला आवडतं. अख्ख्या गावाची जमीन तिच्यात एका सहीने बदलते आणि शेतातला बांध तसूभरही हलत नाही.

कायद्याचा क्रम सरळ आहे. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. वजनमापांचा केंद्राचा कायदा त्याआधी तीनच महिने, डिसेंबर १९५६मध्ये झाला होता. १ ऑक्टोबर १९५८पासून निवडक भागांत किलो तराजूत उतरला आणि १ एप्रिल १९६२पासून देशभर सक्तीचा झाला. माप काय असावं हे दिल्लीने ठरवलं, पण वजनांवर शिक्का मारणं, दुकानं तपासणं हे राज्याचं काम. म्हणून १९५८चा अंमलबजावणी कायदा तेव्हाच्या मुंबई राज्याने केला. महाराष्ट्र झाल्यावर त्याच्या नावातली मुंबई गेली.

बाजारात हे तुलनेनं सुखाने पार पडलं. ८० तोळ्यांचा शेर भरतो ९३३ ग्रॅम, म्हणजे किलोपेक्षा ६७ ग्रॅम कमी. शेरभर डाळीऐवजी किलोभर डाळ घेताना स्वयंपाकघराचा हिशेब फारसा मोडत नव्हता. खरा बदल भाताचा. तो तोलायचा नसे, पायलीने मापायचा असे, आणि मापणाऱ्याचा हात कसा चालतो यावर सगळं. घेताना पायली शिगोशीग, देताना काठावरून हात फिरवून सपाट. वरची ती शीग कुणाची, यावर खंडाच्या धान्याची किती भांडणं झाली असतील! तराजूने निदान तेवढी तरी मिटवली.

पण त्या १ एप्रिल १९५७ची दुसरी ओळख टायटल शोधायच्या आमच्या धंद्यात जास्त मोठी आहे. तो कृषक दिन. कूळकायद्याने त्या दिवशी कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. म्हणजे सकाळी उठल्यावर कसणारा मालक झाला आणि त्याच सकाळी पावलीचे पंचवीस नवे पैसे झाले. या दोन गोष्टी कुणी एकत्र सांगत नाही, पण कागदावर त्या गुंतलेल्या आहेत. कायम कूळ सोडून इतर कुळांनी द्यायची किंमत त्याच कायद्याच्या कलम ३२-ग खाली ठरायची, ती आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत. आता आकार बघा. तीन आण्यांचे खरे पैसे होतात पावणेएकोणीस, कोष्टकात धरले एकोणीस. सहा आण्यांचे साडेसदतीस, धरले सदतीस. पाव पैशाची दोनशे पट म्हणजे पन्नास पैसे, अर्ध्या पैशाची पट म्हणजे रुपया. आज हसू येईल, पण रुपये-आण्यांत आकार असलेल्या कुळाला तो रुपया रुपयाच होता.

क्षेत्राचं प्रकरण आणखी मजेशीर. इंग्रजी अमलातल्या मोजणीत मुंबई इलाख्यात ३३ फुटांची साखळी चालायची, तिचे भाग सोळा, त्यांनाही आणेच म्हणत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद झाला गुंठा, १०८९ चौरस फूट. मीटरमध्ये १०१.१७ चौरस मीटर. आणि आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. इतकी जवळीक, की गावात आजही आराला गुंठाच म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. अडतं ते प्रतीपाशी, म्हणजे आरानंतरच्या तिसऱ्या आकड्यापाशी. बऱ्याच जुन्या उताऱ्यांवर एक एकर ०-४०-५ असा उतरलेला दिसतो. शेवटचा ५ हा आराचा दशांश, म्हणजे ५० चौरस मीटर. एकूण ४०५०. खरा एकर ४०४६.८६. तीन चौरस मीटर जमीन लेखणीने जन्माला घातली! नवखी पोरं तो ५ सरळ पाच चौरस मीटर वाचतात आणि एकरामागे ४५ चौरस मीटर गायब करतात. घोडबंदर रोडच्या भावाने त्यात कुणाच्या तरी घराचा हॉल जातो.

एवढं करून कायदा जिंकला का? तराजूवर जिंकला, घरावर हरला. मुद्रांकाचे सरकारी दर चौरस मीटरला, करारात क्षेत्र चौरस मीटरमध्ये, रेराचा कार्पेटही तसाच. पण ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत कुठल्याही साइट ऑफिसात भाव विचारा, उत्तर फुटातच येणार. वैध मापन कायदा २००९, कलम ११, प्रमाण मापाखेरीज दुसऱ्या मापात किंमत सांगायलाच मनाई करतं. जमीन-घर त्यात बसतं की नाही यावर वकील तासभर वाद घालतील. मला त्यात रस नाही. माझ्या मते कारण साधं आहे. किलो शेराच्या शेजारी बसला, चौरस मीटर फुटाच्या जवळपासही नाही. दहा हजार फुटाचा भाव एक लाख सात हजार मीटरचा होतो, आणि असा आकडा ऐकून गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं. शिवाय वाण्याच्या वजनावर दर ठरावीक काळाने शिक्का मारावा लागतो. बिल्डरच्या माहितीपत्रकावर कोण मारणार?

म्हणून करारातला आकडा वाचताना मी तो मूळचा कुठल्या मापात ठरला ते शोधतो. ४१.८१ चौरस मीटर दिसलं की समजायचं, हे ४५० फूट होतं आणि टायपिस्टने १०.७६४ने भागलं. उलटीही उदाहरणं आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनातली पूर्वीची '२६९ची खोली' म्हणजे नेमके २५ चौरस मीटर. मूळ पंतप्रधान आवास योजनेतलं आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाचं घर ३० मीटरचं, म्हणून जवळपास ३२३ फूट. घर सरकारने मीटरमध्ये आखलं आणि लोकांनी ते घरी नेताना फूट करून नेलं.

पण सरकारनेही फार ऐट करू नये. २०२३च्या वाळू धोरणात महसूल खात्याने भाव जाहीर केला तो ६०० रुपये ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तहसील कचेरीत एका टेबलावर जमीन हेक्टर-आरमध्ये लिहितात, आणि त्याच जमिनीवर इमारत उभी करायला लागणारी वाळू दुसऱ्या टेबलावर फुटांत मोजतात.