गीत, भाषा आणि सत्ता : मराठवाड्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथील ‘नीकॅप’ हा रॅप गायकांचा गट आयरिश भाषेतून राजकीय आशयाची गीते सादर करतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या गीताच्या शीर्षकाचा अर्थच ‘हक्क’ असा आहे. आयर्लंडमधील न्यायालयीन कामकाजात इंग्रजीखेरीज अन्य भाषेस मज्जाव करणारा १७३७ चा कायदा उत्तर आयर्लंडमध्ये रद्द करण्याची तरतूद २०२२ च्या कायद्याने झाली व आयरिशला तेथे अधिकृत दर्जा मिळाला. जी भाषा राज्यकर्त्यांनी नाकारली, तिच्यात गाणे हीच राजकीय कृती ठरते, असे या उदाहरणावरून दिसते. हे सूत्र मराठवाड्याच्या इतिहासास कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

निजाम राजवट आणि गीत :

हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी व कन्नड भाषिक प्रजा बहुसंख्य होती. परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या आदेशाने सार्वजनिक सभांवर निर्बंध आले. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ गाण्यावरून औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. वसतिगृहात म्हटलेले गीत राज्याला धोकादायक वाटले, ही बाब लक्षणीय आहे.

तथापि, यावरून उर्दू ही दडपशाहीची भाषा होती असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. हैदराबादचे कवी मख्दूम मोहिउद्दीन यांनी उर्दूतूनच सरंजामशाहीविरुद्ध आवाज उठविला. दोष भाषेचा नव्हता, तर एका भाषेला सिंहासन देऊन इतरांना दाराबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेचा होता.

मुक्तीनंतर :

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन पुढे मराठी राजभाषा झाली. म्हणून गीतातील संघर्ष संपला काय? भीमराव कर्डक यांचे आंबेडकरी जलसे व वामनदादा कर्डक यांची गीते मराठीतूनच मराठी समाजाला प्रश्न विचारीत होती. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंतचा संघर्ष मराठी भाषकांमधलाच होता. ‘कोणत्या भाषेत गायचे’ या प्रश्नाची जागा आता ‘कोणाच्या मराठीत गायचे’ या प्रश्नाने घेतली. एप्रिल २०२३ मध्ये राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या मराठी रॅपवरून छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुण गायकावर अंबरनाथ येथे गुन्हा नोंदविण्यात आला. माध्यम बदलले, तरी गीताविषयी सत्तेला वाटणारी धास्ती कायम राहिली.

जळकोटचा प्रश्न :

जळकोट हा लातूर जिल्ह्यातील, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगतचा तालुका. येथील तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. होळीच्या लेंगी गीतांतून ती पिढ्यानपिढ्या जपली गेली आहे. मात्र या भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. तांड्यावरचे मूल शाळेत पाऊल ठेवते, तेव्हा घरची भाषा बहुधा उंबरठ्यावरच राहते. एके काळी निजामी राज्यात मराठी मुलाचा जो अनुभव होता, त्याची छाया येथे दिसते.

निष्कर्ष :

आयरिशचे उदाहरण मराठवाड्यातील मराठीला पूर्णतः लागू पडत नाही. कारण आज मराठी ही वंचित नव्हे, तर राज्यकर्ती भाषा आहे. आपल्या भागात आयरिशच्या जागी शोधायची झाल्यास गोरमाटीसारखी भाषा शोधावी लागेल. भाषेसाठी लढलेल्या प्रदेशाची खरी कसोटी, दुसऱ्याच्या भाषेला तो कोणती जागा देतो, यावरच लागते. लेंगी गीतांचे संकलन व ध्वनिमुद्रण हे या परिसरातील महाविद्यालयांनी तातडीने हाती घ्यावयाचे कार्य आहे. गाणारी पिढी वृद्ध होत आहे.