बिनपगारी मुद्रितशोधकांची शिस्त

४ जुलै १९७१ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथील मोठ्या संगणकावर स्वतः टंकित केला. सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत होता, कारण त्या यंत्रणेत लहान अक्षरांची सोयच नव्हती. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या मोफत ग्रंथसंग्रहाचा आरंभ तो हाच.

हार्ट यांचा आग्रह साध्या मजकुराचा होता. 'आस्की' या संकेतप्रणालीत जेमतेम १२८ जागा. पण तो मजकूर कोणत्याही संगणकावर उघडतो. याची किंमतही होती. इटालिक अक्षरे गेली, फ्रेंच शब्दांवरील स्वरचिन्हे गेली. (देवनागरीचा तर प्रश्नच नव्हता!) मग इटालिक शब्द कोणी कॅपिटल अक्षरांत टंकित करी, तर कोणी त्याच्या दोन्ही बाजूंना अधोरेघ घाली. स्वल्पविराम की अर्धविराम, असल्या वादात हार्ट यांना फारसा रस नव्हता. सर्वसामान्य वाचकाच्या दृष्टीने ९९.९ टक्के बिनचूकपणा त्यांना पुरेसा वाटे. हे प्रमाण अक्षरांना लावून पाहू. पानावर सुमारे २००० अक्षरे धरली, तर पानागणिक दोन चुका आणि ३०० पानांच्या पुस्तकात ६०० चुका होतात. विद्यार्थ्यांच्या हाती असे पुस्तक द्यायला आम्ही तरी कचरू.

२००० साली चार्ल्स फ्रँक्स यांनी 'डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स' हा उपक्रम सुरू केला. छापील पानाची प्रतिमा आणि संगणकाने त्यावरून ओळखलेला मजकूर शेजारी-शेजारी ठेवायचे आणि स्वयंसेवकाने एका वेळी एकच पान तपासायचे, अशी ही युक्ती. यंत्राच्या चुका फसव्या असतात. इंग्रजी 'आर' आणि 'एन' चिकटून छापले गेले की यंत्र त्यांना 'एम' समजते आणि 'मॉडर्न'चा 'मोडेम' होतो. हाही खरा शब्द असल्याने शब्दतपासनीस प्रणालीला तो खटकत नाही. तेथे माणसाचाच डोळा लागतो.

नोव्हेंबर २००२ मध्ये संगणकप्रेमींच्या एका लोकप्रिय बातमीस्थळावर या कामाचा उल्लेख झाला आणि एका दिवसात ४००० हून अधिक नवे स्वयंसेवक आले. उत्साह उदंड, पण एकाच पुस्तकाची पाने शंभर हातांतून गेली, तर शंभर पद्धतींनी सजणार. पगार नाही, तेव्हा पगार कापण्याची भीती नाही. मग नियम पाळायला लावायचे कोणी?

उत्तर कामाच्या रचनेतच शोधले गेले. प्रकरणाआधी चार ओळी रिकाम्या, शीर्षकानंतर दोन, कविता आणि तळटीपा यांच्या खुणा कोणत्या, हे सारे लेखी ठरले. २००५ च्या सुमारास शुद्धलेखन आणि मांडणी यांच्या फेऱ्या वेगळ्या झाल्या. पुढे मुद्रितशोधनाच्या तीन व मांडणीच्या दोन फेऱ्या स्थिरावल्या. बोर्डाची उत्तरपत्रिका परीक्षकाकडून नियामकाकडे जाते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे प्रत्येक पान वरच्या फेरीत जाते, नमुन्यादाखल निवडलेले नव्हे. नवशिक्यांसाठी काही पुस्तके राखून ठेवतात. त्यांची दुसरी फेरी अनुभवी मार्गदर्शक करतात आणि काय सुधारले, का सुधारले, हे नवशिक्याला कळवतात. शेवटच्या फेऱ्यांत प्रवेश हवा असेल, तर आधी केलेली पाने जुन्या स्वयंसेवकांकडून तपासून घ्यावी लागतात.

सर्वांत वरचा नियम मात्र शिस्तप्रियांनाच आवरणारा आहे: लेखकाने लिहिलेले बदलू नका. जुने स्पेलिंग आपल्याला चूक वाटले तरी ते तसेच ठेवायचे. मुद्रणदोषाची शंका आली तर शेजारी टीप लिहून निर्णय पुस्तकाची अखेरची जुळणी करणाऱ्यावर सोपवायचा. चांगल्या शिक्षकाला हे फार जड जात असणार!

या कडकपणाचाही जाच झाला. वरच्या फेऱ्यांना पात्र माणसे थोडी, खालून येणारी पाने भरपूर. त्यामुळे अर्धवट तपासलेल्या पुस्तकांच्या लांबच लांब रांगा लागल्या. तरीही पात्रतेची अट काढून टाकली गेली नाही, आणि पुस्तके आपली पाळी येईपर्यंत थांबू लागली.