पटावरच्या मुली

१९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकरने पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धेत खेळायचे ठरवले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. एवढ्या लहान वयात हिचा निभाव लागेल का, असे कोणी विचारले असते तर ते समजण्यासारखे होते. पण हरकत घेतली गेली ती वयाला नव्हे. ती मुलगी आहे, ही हरकत होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल रोहिणीच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनीही निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळण्यास स्त्रियांना मनाई करता येणार नाही. रोहिणी खेळली आणि तिने तीन राज्यविजेत्यांना हरवले.

यूवे यांच्याबद्दलचा एक तपशील शिक्षक वाचकांना आवडेल. १९३५ ते १९३७ या काळात जगज्जेते असलेले हे डच गृहस्थ पेशाने गणिताचे शिक्षक होते आणि आम्स्टरडॅममधल्या मुलींच्या शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते. मुलींना डोक्याचे काम जमते की नाही हे पाहायला त्यांना दुसरीकडे जावे लागले नसणार.

रोहिणी ही तीन बहिणींतली धाकटी. वडील नीलकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक. थोरल्या वासंतीने १९७४ साली महिलांची पहिलीच राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे जयश्रीने हे अजिंक्यपद चार वेळा आणि रोहिणीने पाच वेळा मिळवले. म्हणजे पहिल्या दशकातली सगळी विजेतेपदे एकाच घरात गेली. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. १९८१ मध्ये हैदराबादला झालेली आशियाई महिला स्पर्धा रोहिणीने एकही डाव न हरता, १२ पैकी साडेअकरा गुण मिळवून जिंकली.

ज्या समजुतीमुळे हा खटला उभा राहिला, ती काही फक्त आपल्याकडची नव्हती, आणि अडाण्यांची तर मुळीच नव्हती. १९६२ साली अमेरिकेच्या बॉबी फिशरने एका मुलाखतीत सांगितले होते की जगातल्या कोणत्याही स्त्रीशी आपण एक घोडा कमी घेऊन खेळू आणि तरीही जिंकू. यावर सोव्हिएत ग्रँडमास्टर मिखाइल ताल म्हणाले म्हणतात, की फिशर हा फिशर असेल, पण घोडा हा शेवटी घोडाच! गंमत अशी की त्याच वर्षी जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली महिलांची जगज्जेती झाली. १९७७ साली तिने कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन येथील खुल्या स्पर्धेत पुरुषांमध्ये खेळून संयुक्त पहिला क्रमांक मिळवला आणि १९७८ मध्ये ती ग्रँडमास्टर किताब मिळालेली पहिली स्त्री ठरली. तिच्यामागून त्याच छोट्या जॉर्जियातली माया चिबुर्दानिद्झे सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. जॉर्जियात घरोघर मुली बुद्धिबळ खेळत होत्या. जिथे पटावर मुली बसतात तिथे मुलींमधून विजेत्या निघतात, ही एवढी साधी गोष्ट. पण ती उलटी वाचण्याची आपल्याला सवय असते. मुली कमी खेळतात, कारण त्यांना जमत नाही. आणि त्यांना जमत नाही याचा पुरावा काय, तर वरच्या क्रमांकांत त्या दिसत नाहीत!

या गोल फिरणाऱ्या युक्तिवादाला सर्वांत मोठा धक्का बुडापेस्टमधल्या एका लहानशा घरातून बसला. लास्लो पोल्गार हे शैक्षणिक मानसशास्त्राचे अभ्यासक. अनेक थोर व्यक्तींची चरित्रे वाचून त्यांचे मत असे बनले होते की विलक्षण मुले जन्माला येत नाहीत, ती घडवावी लागतात. पत्नी क्लारा भाषाशिक्षिका. दोघांनी आपल्या मुलींना घरीच शिकवायचे ठरवले आणि त्यासाठी सरकारी यंत्रणेशी दीर्घ झगडा केला. बुद्धिबळच का? थोरल्या सुझनला चौथ्या वर्षी घरात पट आणि सोंगट्या सापडल्या, हे एक कारण. दुसरे लास्लोंच्या मनातले: चित्रकलेत किंवा लेखनात कोण श्रेष्ठ यावर वाद होऊ शकतो, बुद्धिबळात मात झाली की झाली. त्याच वर्षी सुझनने बुडापेस्टमधली अकरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा दहापैकी दहा डाव जिंकून खिशात घातली.

लास्लो स्वतः बेताचेच खेळाडू होते, आणि मला यातच त्यांच्या पद्धतीचे सगळे रहस्य दिसते. त्यांच्यापाशी देण्यासारख्या गूढ युक्त्या नव्हत्या, नीट रचलेला सराव होता. १९९४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पाच हजारांहून अधिक बुद्धिबळ-कोड्यांचा जाडजूड संग्रह उघडून पाहावा. पहिली ३०६ कोडी फक्त एका चालीत मात करण्याची आहेत. एक चाल, आणि डाव संपला. त्यानंतर दोन चालींत मात करण्याची कोडी येतात, ती तीन हजारांहून जास्त! चार वर्षांच्या मुलीला 'तू हुशार आहेस' असे सांगत बसण्यापेक्षा तिला रोज पंचवीस वेळा स्वतःच्या हाताने मात करू द्यावी, असा हा हिशेब आहे. प्रतिस्पर्धीही तिच्याच ताकदीचा असावा, म्हणजे ती कधी जिंकेल, कधी हरेल. सतत हरणारे मूल खेळ सोडते आणि सतत जिंकणारे कंटाळते, हे वर्गात शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

सरावाने नेमके काय बदलते, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिबळाच्याच आधारे घेतला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हॉलंडमध्ये आद्रियान द ग्रोट यांनी मोठ्या आणि सामान्य खेळाडूंना पटासमोर बसवून मोठ्याने विचार करायला लावले. अपेक्षा अशी होती की मोठा खेळाडू खूप पुढच्या चाली पाहत असेल. त्या बाबतीत दोघांत फारसा फरक आढळला नाही. फरक दिसला तो पट काही सेकंद दाखवून झाकून टाकल्यावर. मोठ्या खेळाडूने जवळजवळ सगळी मांडणी जशीच्या तशी सांगितली. ही स्मरणशक्तीची देणगी म्हणावी का? १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी प्रयोगाला एक जोड दिली. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवल्यावर मास्टर खेळाडूला सुमारे सोळा सोंगट्या बरोबर आठवल्या, नवख्याला चार. मग त्यांनी सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या. आता मास्टरही नवख्याच्या पातळीवर आला! प्रयोगात खेळाडू तीनच होते आणि पुढे झालेल्या अभ्यासांत अशा विस्कळीत मांडणीतही मास्टर थोडा सरस ठरला, तरी मुख्य निष्कर्ष टिकून राहिला. मास्टरची स्मरणशक्ती वेगळी नसते. त्याला सोंगट्या सुट्या दिसत नाहीत, ओळखीच्या गटांत दिसतात.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. फळ्यावर 'शिवाजीमहाराज' लिहून पाच सेकंदांत पुसा आणि मुलांना लिहायला सांगा. मग तीच अक्षरे उलटसुलट करून, 'राजीवाहाशिजम' अशी लिहून पाहा. पहिल्या वेळी वर्गातला सर्वांत मागे पडलेला मुलगाही मास्टर ठरेल. मग पहिलीच्या वर्गात जाऊन तोच शब्द दाखवा.

पोल्गार बहिणींची वाट मात्र सरावाने आपोआप मोकळी झाली नाही. १९८६ साली सुझन हंगेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेतील कामगिरीवर जगज्जेतेपदाच्या पुढच्या पात्रता-फेरीस पात्र ठरली, पण तिला खेळू दिले गेले नाही. त्या स्पर्धेच्या नावातच 'पुरुषांची' हा शब्द होता. तो शब्द नंतर काढण्यात आला. त्याच सुमारास जागतिक संघटनेने सर्व सक्रिय स्त्री-खेळाडूंच्या मानांकनात १०० गुणांची भर घातली, फक्त सुझनला वगळून. युक्तिवाद असा की बाकीच्या स्त्रिया आपापसांत खेळत असल्याने त्यांचे गुण कमी राहिले आहेत. सुझन पुरुषांशी खेळते, तिचे गुण बरोबरच आहेत. एका निर्णयासरशी तिचे पहिले स्थान गेले. जास्त कठीण वर्गात बसल्याबद्दल गुण कापावेत, तसाच हा प्रकार.

१९८८ साली थेसालोनिकीच्या ऑलिम्पियाडमध्ये या तिघी आणि इल्दिको माद्ल अशा चौघींच्या हंगेरी संघाने महिला विभागाचे सुवर्णपदक घेतले. सोव्हिएत संघाने तोवर भाग घेतलेली एकही महिला ऑलिम्पियाड गमावली नव्हती. बारा वर्षांच्या जुडिटने तेरापैकी साडेबारा गुण मिळवले. १९९१ च्या जानेवारीत सुझन ग्रँडमास्टर झाली. डिसेंबरमध्ये जुडिटने हंगेरीची खुली राष्ट्रीय स्पर्धा जिंकून पंधरा वर्षे चार महिने या वयात तोच किताब मिळवला आणि १९५८ पासून टिकलेला सर्वांत लहान ग्रँडमास्टरचा विक्रम मोडला. तो विक्रम होता बॉबी फिशरचा.

याला लास्लो 'प्रयोग' म्हणत. शास्त्रीय अर्थाने तो प्रयोग नव्हे. तिन्ही मुली एकाच आईबापांच्या, तुलनेला दुसरा गट नाही. शिवाय तिघींचे फळ सारखे नव्हते: १९८९ मध्ये रोमला नऊपैकी साडेआठ गुण मिळवून थक्क करणारी मधली सोफिया पुढे ग्रँडमास्टर झाली नाही. त्यामुळे 'कोणतेही मूल काहीही बनू शकते' हे यातून सिद्ध होत नाही. पण 'मुलींना हे जमूच शकत नाही' हे विधान खोडायला एक उदाहरण पुरते, आणि येथे तीन होती.

कौशल्य आले की आत्मविश्वास मागून येतो, असे आपण म्हणतो. तो किती सावकाश येतो, ते १९९४ साली स्पेनमधल्या लिनारेस येथे दिसले. सतरा वर्षांची जुडिट जगज्जेत्या कास्पारोवशी खेळत होती. कास्पारोवने घोडा एका घरात ठेवला, क्षणभर बोटे सोडली आणि चूक ध्यानात येताच तो उचलून दुसरीकडे ठेवला. नियमाने चाल पूर्ण झाली होती. चित्रफितीतही ते दिसले. जुडिट काही बोलली नाही आणि डाव हरली. एवढ्या मोठ्या स्पर्धेचे पहिलेच आमंत्रण, तिथे तंटा कसा करायचा, हा विचार तिच्या मनात होता. जगातल्या मोजक्या खेळाडूंमध्ये गणली जाणारी ही मुलगी स्वतःच्या हक्काची तक्रार करताना अडखळली. तिने कास्पारोवला हरवले ते २००२ साली मॉस्कोत, एका जलद डावात.

या अडखळण्याचा थोडा अभ्यासही झाला आहे. २००८ साली इटलीतल्या पाडुआ विद्यापीठाच्या अ‍ॅन मास आणि सहकाऱ्यांनी समान ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या संगणकावर एकमेकांशी खेळवल्या. समोर कोण आहे हे ठाऊक नसताना स्त्रिया बरोबरीने खेळल्या. 'या खेळात पुरुष सरस असतात' ही समजूत आधी जागवली आणि समोर पुरुष आहे असे सांगितले, तेव्हा त्यांचा खेळ एकदम ढासळला. तोच प्रतिस्पर्धी स्त्री आहे असे खोटेच सांगितले, तर पुन्हा बरोबरी! मात्र २०१८ मध्ये लक्षावधी प्रत्यक्ष स्पर्धा-डावांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा असा परिणाम आढळला नाही. पुरुषांशी खेळताना स्त्रिया अपेक्षेहून किंचित सरसच ठरल्या. माझा अंदाज असा की स्पर्धांत टिकलेल्या स्त्रियांनी हजारो डावांचा सराव पाठीशी घेतलेला असतो. शेरेबाजी सर्वांत लागते ती पहिल्या पन्नास डावांत, आणि तेव्हा सोडून गेलेल्यांची नोंद कुठेच होत नाही.

वरच्या क्रमांकांत स्त्रिया कमी का, याचा हिशेब २००९ साली जर्मनीतल्या सुमारे सव्वा लाख नोंदणीकृत खेळाडूंवरून मांडला गेला. तिथे एका स्त्रीमागे सोळा पुरुष होते. पहिल्या शंभर पुरुषांत आणि पहिल्या शंभर स्त्रियांत जे अंतर होते, त्यातले ९६ टक्के नुसत्या या संख्येतल्या फरकाने येते, असे उत्तर निघाले. आकडेमोडीवर पुढे वाद झाला, पण पट किती हे विचारल्याशिवाय निकालाची टक्केवारी वाचू नये, हे आपल्याला तरी पटावे.

मुलींच्या स्पर्धा वेगळ्या असाव्यात का, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जुडिट महिलांच्या जगज्जेतेपदासाठी कधी खेळलीच नाही. वेगळ्या किताबांमुळे मुलींचे लक्ष्य खाली येते, असे तिचे म्हणणे. मला ते पूर्ण पटत नाही. १९७४ साली महिलांची स्पर्धा नसती, तर खाडिलकर भगिनींना सुरुवातीची पायरी कुठे मिळाली असती? पायरी हवी, तिच्यावर छत नको, इतकेच.

जुलै २०२५ मध्ये नोनाच्या जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोरासमोर दोन्ही भारतीय होत्या. एक अडतीस वर्षांची कोनेरू हंपी, जिने २००२ मध्ये सर्वांत लहान स्त्री-ग्रँडमास्टरचा जुडिटचा विक्रम मोडला होता. दुसरी नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. नेहमीच्या पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर गेला. दिव्या स्पर्धेला आली तेव्हा ग्रँडमास्टर किताबासाठी लागणाऱ्या तीन पात्रतांपैकी एकही तिच्याजवळ नव्हती. विश्वचषक जिंकणारीला तो किताब थेट मिळतो. ती ग्रँडमास्टर होऊनच नागपूरला परतली.