लाकडाचा आवाज आणि विजेचा आवाज

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने गणेशोत्सवात एका संध्याकाळी स्थानिक मुलांच्या वादनाचा कार्यक्रम ठेवला होता. एका मुलाच्या हातात साधी, पोकळ लाकडी गिटार होती, दुसऱ्याच्या हातात विजेवरची. दोघे जिवलग मित्र. तालीम मंडळाच्या कार्यालयात झाली होती आणि छान झाली होती. मंडपात मात्र लाउडस्पीकरवाल्याने विजेच्या गिटारीचा आवाज जो वाढवला, तो तिसऱ्या मिनिटाला साध्या गिटारीचा मुलगा नुसताच हात हलवतो आहे एवढेच दिसू लागले. शेवटी त्याने वाद्य मांडीवरून उतरवून बाजूला ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर तो मुलगा आमच्या मंचावर आला नाही.

'असे दोन आवाज एकत्र नांदायचेच नाहीत,' असे म्हणून आम्ही तेव्हा विषय मिटवला. आमचे चुकलेच. हे दोन आवाज किती सुखाने नांदतात हे दाखवणारी एक तबकडी १९७६ सालीच निघाली होती. परक्या देशातल्या दोन वादकांची ही गोष्ट स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, गोष्ट बेळगावला येऊन पोचते.

गिटार हे मूळचे लहान खोलीतले वाद्य. तारेची थरथर लाकडाच्या पेटीत शिरते, पेटीतली हवा हलते आणि तेवढाच आवाज बाहेर येतो. अमेरिकेत नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रम यांच्या गर्दीत गिटारवाला बसत असे, पण तो ऐकू येत नसे. हे दुखणे दूर करण्यासाठी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तारांजवळ लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवण्याची युक्ती निघाली. पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज खेळते आणि ती वीज पुढे स्पीकरपर्यंत जाते. पहिली यशस्वी विजेची गिटार हवाईयन पद्धतीने मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. तिचा आकार असा की लोकांनी तिला सरळ 'तवा' म्हणायला सुरुवात केली, इंग्रजीत 'फ्राइंग पॅन'. १९३९मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमन यांच्या जथ्यात आला आणि गिटार बँडच्या मागच्या रांगेतून पुढे आली. तो २५व्या वर्षी वारला, पण वाट मोकळी करून गेला.

या युक्तीला एक मर्यादा होती. चुंबकाला पोलाद लागते. नायलॉनच्या तारांची जी अभिजात गिटार, तिला ही वीज लागतच नाही. म्हणजे एकाच घराण्यातल्या या दोन बहिणींपैकी एकीला मोठा आवाज मिळाला आणि दुसरी होती तिथेच राहिली. पुढे रॉक संगीत आले, स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि धाकटीने थोरलीला जवळजवळ घराबाहेर काढले.

राल्फ टाउनर थोरलीच्या बाजूचे. जन्म १९४०, अमेरिकेच्या वायव्य टोकाच्या वॉशिंग्टन राज्यातला. लहानपणी पियानो आणि ट्रम्पेट. गिटार हाती आली ती विशी उलटल्यावर, विद्यापीठात रचनाशास्त्र शिकताना. आपल्याकडे एवढ्या उशिरा कोणी वाद्य धरले तर लोक हसतील! हे मात्र थेट व्हिएन्नाला कार्ल शाइट यांच्याकडे शिकायला गेले. नायलॉनच्या तारांबरोबर त्यांनी बारा तारांची गिटारही आपलीशी केली. तिच्यात तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात लावलेली असते, त्यामुळे एकच स्वर छेडला तरी भोवती लकाकी पसरते.

जॉन अॅबरक्रॉम्बी धाकटीचे. जन्म १९४४, न्यूयॉर्क राज्यातला. बॉस्टनच्या बर्कली संस्थेत शिक्षण, मग ड्रमवादक बिली कॉबम यांच्या दणदणीत जथ्यात वादन. मोठा आवाज काय करतो हे त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. १९७४च्या 'टाइमलेस' या तबकडीपासून ते शांततेकडे वळू लागले. ही तबकडी काढली म्युनिकच्या ईसीएम कंपनीने. १९६९ साली ही कंपनी काढणारे मानफ्रेड आयशर स्वतः डबल बेस वाजवणारे, त्यामुळे नाद कुठे संपतो आणि शांतता कुठे सुरू होते याबद्दल ते फार काटेकोर.

याच आयशर यांनी १९७६च्या मे महिन्यात दोघांना नॉर्वेत ऑस्लोच्या टॅलेंट स्टुडिओत एकत्र बसवले. यंत्रापाशी होते यान एरिक कोंग्सहाउग, आणि तेही गिटारवादक. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. आवाजाची कळ ज्याच्या हाती, त्याला दोन्ही वाद्ये आतून माहीत होती.

तबकडीचे नाव 'सार्गासो सी'. अटलांटिक महासागरातला हा समुद्र किनारा नसलेला आहे. चारही बाजूंनी त्याला समुद्राचेच प्रवाह वेढून असतात, मध्ये पाणी संथ आणि त्यावर तरंगणारे शेवाळ. नाव बेतून ठेवले की नुसते आवडले म्हणून, ते त्यांचे त्यांना ठाऊक, पण संगीताला ते नेमके बसते. या नावाची रचना एकट्या कोणाची नाही, ती दोघांच्या नावावर आहे. ऐकताना पहिल्यांदा लक्षात येते ते हे की विजेची गिटार आपला मोठेपणा दाखवायला येतच नाही. अॅबरक्रॉम्बी पायाखालच्या पट्टीने आवाज आधी दाबून धरतात, तार छेडतात आणि मग हलकेच पट्टी सोडतात. तार तुटक वाजल्याची टणक लागतच नाही, स्वर व्हायोलिनच्या गजासारखा कुठूनसा उगवतो आणि लांबत जातो. साध्या गिटारीला नेमके हेच जमत नाही. तिचा स्वर छेडल्याक्षणी पूर्ण असतो आणि लगेच विरू लागतो. म्हणून टाउनर सुरुवात करतात, त्यांच्या स्वराची कड स्पष्ट, आणि तो विरत असताना अॅबरक्रॉम्बींचा स्वर त्याच्या शेपटाला धरून पुढे जातो. जिथे एकाचे बळ संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते. काही ठिकाणी अॅबरक्रॉम्बी विजेची गिटार खाली ठेवून साधी घेतात, टाउनर कुठे पियानोवर जातात. मानापमानाचा प्रश्न दिसत नाही.

आपल्याला जुगलबंदी नवी नाही. रविशंकर आणि अली अकबर यांची सतार-सरोद जुगलबंदी आपल्यापैकी ज्येष्ठांनी ऐकली असेल. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये संतूर आणि बासरीबरोबर ब्रिजभूषण काबरांची गिटार होती, ती तर घरोघरी वाजली. पण अलीकडे आपल्या मंचांवरची जुगलबंदी बहुतेक वेळा सवाल-जवाबापाशी येऊन थांबते. कोण जास्त वेगाने, कोण जास्त जोरात. रसिकही त्यालाच टाळ्या देतात, आम्हीही दिल्या आहेत. ऑस्लोच्या त्या खोलीत सवाल आहेत, जवाबही आहेत, पण कोणी कोणाला हरवायला निघालेले नाही. दोघांनी १९८१मध्ये पुन्हा एक तबकडी ध्वनिमुद्रित केली, तिचे नावच 'फाइव्ह इयर्स लेटर', म्हणजे पाच वर्षांनंतर. अॅबरक्रॉम्बी २०१७च्या ऑगस्टमध्ये गेले.

आता बेळगावकडे येऊ. टाउनर यांचा स्वतःचा 'ओरेगॉन' नावाचा चौघांचा जथा होता. त्यातले कॉलिन वॉलकॉट सतार रविशंकरांकडे आणि तबला उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकले होते. टाउनर यांच्या शेजारी वर्षानुवर्षे आपला तबला वाजत होता तो असा. १९८४च्या नोव्हेंबरात पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना माग्डेबुर्गजवळ रस्त्यावरच्या अपघातात वॉलकॉट गेले. जथा थांबल्यासारखाच झाला. पुढे त्यांच्या जागी जो आला तो मुंबईचा मुलगा होता, त्रिलोक गुर्टू. तबल्यावर वाढलेला, ड्रमसमोर स्टुलावर न बसता गुडघ्यांवर बसून वाजवणारा, पितळी थाळी पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवणारा. १९८७च्या 'इकोटोपिया'वर टाउनर यांच्याबरोबर तो आहे.

त्रिलोक हा शोभाताई गुर्टूंचा मुलगा. शोभाताई १९२५मध्ये बेळगावात जन्मल्या, पूर्वाश्रमीच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई नर्तकी आणि गायिका, आडनाव गोव्यातल्या शिरोड्याचे. गाण्याची रीतसर तालीम अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे. ठुमरी-दादऱ्याची सम्राज्ञी म्हणून त्यांना देशभर मान मिळाला, २००२मध्ये पद्मभूषण झाले, २००४मध्ये त्या गेल्या. हे बहुतेकांना माहीत असते. पण १९८८मध्ये त्रिलोकने 'उस्फ्रेट' नावाची तबकडी काढली, तीवर आईचा आवाज आहे आणि राल्फ टाउनर यांची गिटारही आहे, हे आमच्या गावातल्या किती घरांना ठाऊक असेल? आम्ही गेल्या महिन्यात पाच-सहा ज्येष्ठांना विचारले. शोभाताईंच्या ठुमऱ्यांवर सगळे तासभर बोलले, तबकडीचे नाव कोणीच ऐकले नव्हते. एका काकूंनी तेवढे विचारले, "मुलगा आईला घेऊन गेला होता ना बरोबर? मग झाले."

यंदा उत्सवात वादनाचा कार्यक्रम पुन्हा ठेवला आहे. लाउडस्पीकरवाल्याला आम्ही आधीच गाठले. साध्या गिटारीला वेगळा माइक, विजेचा स्पीकर वादकाच्या पाठीशी न ठेवता बाजूला, आणि कळेपाशी ज्याला गिटार येते असाच माणूस बसेल, एवढे ठरले आहे. त्या मुलाच्या घरी निरोप पाठवला. तो आता नोकरीला लागला आहे, गिटार माळ्यावर असल्याचे त्याच्या आईने सांगितले. ही पाने छापायला जाईपर्यंत त्याचा होकार किंवा नकार आलेला नाही. कार्यक्रमपत्रिकेत आम्ही त्याच्यापुरती पंधरा मिनिटे मोकळी सोडली आहेत.