बॅग सेट, नग 1

पालघरच्या आमच्या घरी आजोबांची एक लांबट वही अजून आहे. 1986 साली आत्याच्या लग्नात काय काय दिले, त्याची यादी तिच्यात आहे. भांडी धातूप्रमाणे, साड्या नगाप्रमाणे, दागिने तोळ्याप्रमाणे लिहिलेले. आणि शेवटून तिसरी ओळ, 'बॅग सेट, नग 1'. या सेटमध्ये बॅगा तीन होत्या. मोठीच्या पोटात मधली, मधलीच्या पोटात लहान, अशा त्या एकाच खोक्यातून घरात आल्या, म्हणून हिशेबाला काटेकोर असलेल्या आजोबांनीही त्यांना एक धरले असावे. या ओळीने पुढे काय घडवले ते सांगायचे आहेच. पण तीन बॅगांची एक वस्तू झाली कधी आणि कुणाच्या सोयीने, हे आधी पाहावे लागेल.

रेल्वेपूर्वीचे सामान खांद्याच्या मापाचे होते. 1857 च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेले वरसईचे विष्णुभट गोडसे गंगेची कावड घेऊन परतले. त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना जाणवते की जे उचलता येते आणि चोरापासून लपवता येते, तेवढेच सामान. गाठोडे, बोचके, पडशी या सगळ्या वस्तू रिकाम्या झाल्या की घडी होऊन नाहीशा होतात. त्यांना ठेवायला जागा लागत नाही आणि त्यांचा संच असण्याचा प्रश्नही येत नाही.

1864 साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रूळ गुजरातेतून थेट ग्रँट रोडपर्यंत पोचला. हाच रूळ डहाणू, बोईसर, पालघर या पट्ट्यातून जातो. गाडीने सामानाचे माप खांद्यावरून काढून बाकाखाली नेले. पत्र्याची ट्रंक हे या नव्या मापाचे अपत्य. रेल्वेच्या नियमात डब्यात सोबत नेण्याच्या पेटीचे माप आजही 100 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 25 उंच असे आहे. टेप घेऊन पाहा, ही ट्रंकेचीच आकृती आहे. आजची 75 सेंटिमीटरची चाकांची बॅग साधारण 30 सेंटिमीटर जाड असते, म्हणजे नियमाने ती बाकाखाली जायलाच नको. मोजत कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.

ट्रंक, वळकटी आणि फिरकीचा तांब्या हे तीन जिन्नस आपल्या कित्येक पिढ्यांनी सोबत वागवले. त्यांना कोणी सेट म्हटले नाही, कारण प्रत्येकाचे काम निराळे होते. ट्रंकांच्या दुकानातही पेटीत पेटी घालून रचत, पण ती दुकानदाराच्या जागेची काटकसर. गिऱ्हाईक एकच उचलून नेई आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव घालून घेई. आडनाव, गाव, कधी हुद्दा. ट्रंक कुणाची, हे विचारावे लागत नसे. बाईची ट्रंक असेल तर किल्ली तिच्या कमरेला असे. सासरच्या भरल्या घरात तिच्या एकटीच्या ताब्यातली जागा पुष्कळदा तेवढीच.

बदल आला तो नाशकातून. 1971 साली व्हीआयपीच्या साच्यातल्या बॅगा बाजारात आल्या आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मध्यमवर्गाने ट्रंकेला माळ्यावर टाकले. नाशिक, सिन्नर, जळगाव ही नावे या धंद्यात शिरली; पुढे सॅमसोनाइटनेही कारखाना काढला तो नाशिकजवळ गोंद्यालाच. म्हणजे ज्या वस्तूला आपण परदेशी थाटाची समजत होतो, ती बरीचशी आपल्याच द्राक्षांच्या मुलखात घडत होती.

साचा म्हणजे काय, हे तारापूरच्या बाजूला समजावून सांगावे लागत नाही. चिंचणी-तारापूर आणि आसपासच्या गावांत दागिन्यांच्या डाया कोरणारी घरेच्या घरे आहेत. डाय कोरायला दिवसच्या दिवस जातात आणि मग तिच्यावर ठोकलेला नग क्षणात निघतो. जितके नग जास्त, तितकी डाय स्वस्त पडते. सूटकेसच्या कवचाचा साचा ही याच हिशेबाची अवाढव्य आवृत्ती. प्रत्येक मापाला वेगळा साचा, आणि प्रत्येक साच्याचा खर्च वसूल व्हायला हवा. मोठी बॅग घेणारा मधली आणि लहानही घेऊन गेला, तर तिन्ही साचे एकदम चालू राहतात. सेटच्या जन्माचे एक कारण इथे असावे, असा माझा अंदाज.

दुसऱ्या कारणाला अंदाजाची गरज नाही, साधी भूमिती पुरते. आजच्या तिकडीची मापे साधारण 55, 65 आणि 75 सेंटिमीटर. 75 च्या बॅगेत शंभरेक लिटर जागा असते, 65 च्या बॅगेत साठ-पासष्ट आणि 55 च्या बॅगेत पस्तीस-चाळीस. तिन्ही मिळून दोनशे लिटर होतात. पण एकात एक घातल्या की ट्रकमध्ये, कंटेनरमध्ये आणि गोदामात शंभर लिटरचीच जागा अडते. रिकामी बॅग म्हणजे मुख्यतः हवा, आणि हवेचे भाडे कोणाला परवडत नाही. बॅगा चीनहून आणि नंतर बांगलादेशातून येऊ लागल्यावर तर या पोकळीची किंमत फारच वाढली. सेट एकेकट्या बॅगांपेक्षा स्वस्त का, याचे उत्तर या पोकळीत बरेचसे सापडते. त्यात प्रवाशाचा संबंध कमी आहे.

घराचा मात्र आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले आणि त्याच्या वसाहतीत देशभरची कुटुंबे आली. या खात्यातली बदली म्हणजे रावतभाटा, कल्पक्कम, काकरापार, कैगा. दर वेळी नवे क्वार्टर आणि माळा नेमाने अपुरा. तीन बॅगा एका बॅगेच्या जागेत मावणे ही तिथल्या गृहिणीला देणगीच वाटली असणार. सेट खरा शोभतो तो प्रवास नसतानाच्या दिवसांत. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर कामाला येणाऱ्या माणसाकडे हा प्रश्नच नसतो. त्याची रेक्झिनची चेन लावलेली एक पिशवी असते आणि खोलीत ती खिळ्याला टांगलेली असते. 2020 च्या मे महिन्यात श्रमिक गाड्यांसाठी रांगा लागल्या तेव्हा त्याच पिशव्या डोक्यावर दिसल्या.

प्रवासाला निघाले की सेटचा हिशेब बिघडू लागतो. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला 1972 साली चाकांच्या सूटकेसचे पेटंट मिळाले; रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने 1987 मध्ये ती उभी केली आणि तिला ओढायचा दांडा लावला. चाके आल्यावर मोठीत मोठी बॅग ओढता येते म्हणून माणसे मोठी घेऊ लागली. वजनाचा काटा मात्र तिथेच राहिला. देशातल्या विमानाला बहुधा 15 किलो, अमेरिकेच्या विमानाला 23 किलोचे नग. शंभर लिटरची बॅग चिवडा-चकल्यांनी भरली तर चालेल, पुस्तकांनी किंवा पापड-मसाल्याच्या डब्यांनी भरली की काट्यावर हार. त्यातले चार-पाच किलो बॅगेचेच. मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील म्हणूनच दोन सारख्या मोठ्या बॅगा घेतात, तिकडी घेत नाहीत. आणि डहाणू लोकलने मुंबईला जाणाऱ्याला? 2013 च्या एप्रिलपासून ती लोकल आली, पण जिना आणि गर्दी यांच्यापुढे चाके कुचकामी. तिथे 55 ची एक बॅग, हातात उचलता येईल अशी, एवढेच खरे.

आता वहीकडे. आपल्याकडे लग्न ठरले की 'याद्या' व्हायच्या. देण्याघेण्याचे कागद दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांपुढे वाचले जात, त्यांना कुंकू लागे. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याखाली 1985 साली भेटवस्तूंच्या याद्यांचे नियमही झाले: प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि यादीवर वधूवरांच्या सह्या. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितले की स्त्रीधन हे पूर्णपणे तिचे. सासरच्यांकडे ते केवळ ठेव म्हणून असते. आजोबांना यातले काही ठाऊक नसणार. त्यांनी जुन्या रिवाजाने लिहिले, बॅग सेट, नग 1.

आत्याची मोठी बॅग लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिच्या नवऱ्यासोबत आखातात गेली. लहान धाकट्या दिराबरोबर वसतिगृहात. मधलीत सासूबाईंचे शालू राहिले. कोणी हिसकावून घेतले नाही. घरातला सेट घरातल्यांनी वापरला. ट्रंक असती तर असे झाले असते का, हे मी पुष्कळदा मनाशी विचारले आहे. ट्रंक तिच्या नावाची असे. सेट घराचा असतो, कारण त्यात प्रत्येकाच्या मापाचे काहीतरी निघते. आत्या माहेरी यायची ती कापडी पिशवीत दोन साड्या घेऊन, आणि आजी दर वेळी विचारायची, "बॅग कुठेय गं तुझी?"

1994 साली ती कायमची परत आली. मध्यस्थांमार्फत सामान मागितले तेव्हा यादी पुन्हा वाचली गेली. भांडी आली, दागिन्यांवर वाद झाला आणि थोडे दागिने आले. बॅगेच्या ओळीपाशी तिकडच्यांनी मोठी बॅग पुढे केली. आखाताची लेबले चिकटलेली, आत काही नाही. आजोबा म्हणाले, सेट तीनचा होता. त्यांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवले. नग एक लिहिलेला होता, नग एक मिळाला. 

तीन बॅगांसाठी कोण भांडणार? आजोबा बोलले नाहीत, पण त्या वहीत त्यानंतर त्यांनी काही लिहिले नाही.

पुढे आत्याने बोईसरला नोकरी धरली आणि दुसऱ्या पगारातून एक बॅग घेतली. एकच, लहान, निळी. कुठे जायचे नव्हते. कपाट तिचे एकटीचे नव्हते म्हणून आधी बॅग घेतली, असे तिने मला या लेखासाठी विचारल्यावर सांगितले.

मागच्या मार्गशीर्षात भाचीच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही बोईसरच्या बाजारात गेलो. दुकानदाराने तिकडी उघडून दाखवली, एकीतून एक काढत, जादूगारासारखी. सुट्या घेतल्या तर दीडपट पडतील म्हणाला, आणि ते खरेच होते. भाचीला एकच हवी होती, पुण्याच्या नोकरीला नेण्यापुरती. तिच्या आईला सेट. अर्धा तास वाद झाला आणि शेवटी स्वस्ताईने सेट जिंकला. दुकानदार बिल लिहायला बसला तेव्हा आत्या स्टुलावरून उठली.

"सेट लिहू नका," ती म्हणाली. "तीन ओळी करा. मोठी एक, मधली एक, लहान एक. आणि वर हिचं नाव घाला."

सवलत सेटवर आहे, तीन ओळींत ती कशी दाखवू, हा त्याचा प्रश्न होता. त्याने तिला तीनने भागले. भागाकार पुरा जाईना, तेव्हा उरलेला रुपया मोठ्या बॅगेवर टाकला.