ग्वाल्हेर दक्षिणचे प्रवीण पाठक : १२१ मतांची आमदारकी

मध्य प्रदेश विधानसभेच्या २०१८ मधील निवडणुकीत राज्यातील सर्वांत निसटता निकाल ग्वाल्हेर दक्षिण मतदारसंघात लागला. काँग्रेसचे तरुण उमेदवार प्रवीण पाठक यांना ५६,३६९ मते मिळाली, तर भाजपचे नारायणसिंह कुशवाह यांना ५६,२४८. फरक अवघ्या १२१ मतांचा. ६१ मतदारांनी कौल फिरवला असता, तर निकालही फिरला असता. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाला त्याच मतदारसंघात दीड हजाराहून अधिक मते पडली होती. पाठक त्या निकालाने प्रथमच विधानसभेत पोहोचले.

हा मतदारसंघ म्हणजे मुख्यत्वे जुने लष्कर शहर. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस सैन्याचा तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. महाराज बाडा हे त्याचे केंद्र. बाड्यालगत सराफा बाजार आहे. आजूबाजूच्या दौलतगंज, जनकगंज, पाटणकर बाजार, फाळका बाजार या नावांतून शिंद्यांच्या घराण्याची आणि त्यांच्या सरदारांची आठवण अजून टिकून आहे. गोमंतकीय वाचकांना हे शहर वाटते तितके परके नाही. लष्कर वसण्यापूर्वीच्या पिढीत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व करणारे जिवबादादा केरकर हे पेडण्यातील केरीचे, तर लखबादादा लाड हे चिखलीचे. दरबार, पागा आणि कारकुनीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. राजकारणातही त्यांचा ठसा उमटला. नारायण कृष्ण शेजवलकर ग्वाल्हेरचे महापौर आणि खासदार होते. त्यांचे पुत्र विवेक शेजवलकर हेही महापौर आणि २०१९ मध्ये खासदार झाले.

पाठक यांच्या विजयाचे श्रेय केवळ त्यांच्या प्रचाराला देणे योग्य ठरणार नाही. कुशवाह २००३ पासून सलग तीन वेळा निवडून आलेले होते, राज्यमंत्रीही राहिले होते. त्यांना खरा अडथळा आला तो स्वपक्षातून. भाजपच्या माजी महापौर समीक्षा गुप्ता बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुमारे ३० हजार मते घेतली. व्यापारी पेठांच्या या मतदारसंघात भाजपची परंपरागत मते अशी दुभंगली, त्या फटीतून पाठक आत आले. मात्र निसटता निकाल म्हणून आमदारकी कमी वजनाची ठरत नाही. २३० जणांच्या सभागृहात काँग्रेसला ११४ आणि भाजपला १०९ जागा मिळाल्या होत्या. बहुमतासाठी काँग्रेसलाच दोन जागा कमी पडत होत्या. बसप, सप आणि अपक्षांच्या पाठिंब्यावर कमलनाथ यांचे सरकार उभे राहिले. अशा सरकारात १२१ मतांनी आलेला आमदार आणि लाखभर मतांनी आलेला आमदार यांची किंमत सारखीच असते. गोव्यात हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी आणि फोंड्याचा ७७ मतांनी लागला. पण गोव्यात विजयी उमेदवाराला पाच-सात हजार मतेही पुरतात. ५६ हजारांच्या तोडीस तोड लढतीत १२१ चा फरक ही निराळीच गोष्ट आहे.

या आमदारकीची खरी कसोटी १५ महिन्यांनी लागली. १० मार्च २०२० रोजी ज्योतिरादित्य शिंदे यांनी काँग्रेस सोडली. त्यांच्यामागे २२ आमदारांनी विधानसभेचे राजीनामे दिले. दोन जागा आधीच रिक्त होत्या. त्यामुळे सभागृह २२८ वरून २०६ वर आले, बहुमताचा आकडा १०४ झाला आणि काँग्रेसकडे ९२ आमदार उरले. भाजपकडे १०७ होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च रोजी बहुमत चाचणी घेण्याचा आदेश दिला. ती होण्यापूर्वीच कमलनाथ यांनी राजीनामा दिला आणि २३ मार्चला शिवराजसिंह चौहान पुन्हा मुख्यमंत्री झाले.

राजीनाम्याचाच मार्ग का निवडला गेला, हे गोव्याच्या अनुभवाशेजारी ठेवून पाहिले की स्पष्ट होते. २००३ च्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेले संरक्षण गेले. विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश आमदार लागतात. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. दोन्ही वेळा हा आकडा गाठला गेला आणि पोटनिवडणुकीचा प्रश्न आला नाही. मध्य प्रदेशात ११४ चे दोन तृतीयांश म्हणजे ७६. शिंदे यांच्याकडे होते २२. पक्षांतर करून आमदारकी टिकवणे शक्य नव्हते, म्हणून आमदारकीच सोडून सभागृह लहान करण्यात आले. या वाटेत मतदाराला निदान दुसऱ्यांदा विचारले जाते, एवढा तिचा गुण मान्य करावा लागेल.

ग्वाल्हेरमध्ये सरकार पाडण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९६७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या पुढाकाराने ३६ काँग्रेस आमदार फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांचे सरकार कोसळले होते. तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. आजीने जे केले तेच नातवाने अर्ध्या शतकानंतर केले.

ग्वाल्हेर जिल्ह्यातील सहापैकी पाच जागा २०१८ मध्ये काँग्रेसने जिंकल्या होत्या. ग्वाल्हेरचे प्रद्युम्नसिंह तोमर, ग्वाल्हेर पूर्वचे मुन्नालाल गोयल आणि डबऱ्याच्या इमरती देवी हे तिघे शिंदे यांच्याबरोबर गेले. भितरवारचे लाखनसिंह यादव आणि ग्वाल्हेर दक्षिणचे पाठक मागे राहिले. शहरातील तीन मतदारसंघांत पाठक हे काही महिने काँग्रेसचे एकमेव आमदार होते. शिंदे घराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात, त्यातही बाड्याच्या परिसरात, शिंद्यांच्या विरुद्ध बाजूस उभे राहणे सोपे नसते. त्यांच्या छोट्या कारकिर्दीत नोंद घ्यावी अशी गोष्ट हीच आहे.

गेलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. सुवासऱ्याचे हरदीपसिंह डंग २०१८ मध्ये काँग्रेसतर्फे केवळ ३५० मतांनी निवडून आले होते. राजीनाम्यानंतर नोव्हेंबर २०२० च्या पोटनिवडणुकीत ते भाजपतर्फे २९ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. तोमरही मोठ्या फरकाने जिंकले. उलट इमरती देवी पराभूत झाल्या. ग्वाल्हेर पूर्वेत तर गंमतच झाली. २०१८ मध्ये काँग्रेसच्या गोयल यांनी भाजपच्या सतीश सिकरवार यांना हरवले होते. दोन वर्षांनी तेच दोघे समोरासमोर आले, पण एकमेकांचे पक्ष घेऊन, आणि या वेळी सिकरवार जिंकले. २८ जागांच्या त्या फेरीत भाजपला १९ आणि काँग्रेसला ९ जागा मिळाल्या. पाठक यांनी राजीनामा दिला नसल्याने त्यांना ही परीक्षा द्यावी लागली नाही. पण उरलेला कार्यकाळ विरोधी बाकांवर गेला. पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराला सत्तेच्या जवळ राहण्याचे जेमतेम सव्वा वर्ष मिळाले.

२०२२ मध्ये शोभा सिकरवार यांच्या रूपाने काँग्रेसने ५७ वर्षांनी ग्वाल्हेरचे महापौरपद जिंकले, तेव्हा शहराचा कल बदलत असल्याची चर्चा सुरू झाली. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत पाठक आणि कुशवाह पुन्हा आमनेसामने आले. या वेळी भाजपची मते खाणारा तिसरा तगडा उमेदवार नव्हता. कुशवाह यांना ८२,३१७ मते मिळाली, पाठक यांना ७९,७८१. पाठक २,५३६ मतांनी हरले. मात्र आकडे नीट पाहिले तर २०१८ च्या विजयापेक्षा २०२३ च्या पराभवात त्यांची मते २३ हजारांहून अधिक वाढलेली दिसतात. काँग्रेस राज्यभर ११४ वरून ६६ वर घसरत असताना ही वाढ झाली. पहिल्या खेपेस बंडखोरीमुळे निवडून आलेला उमेदवार, असा शिक्का त्यानंतर त्यांच्यावर मारता येत नाही. कुशवाह पुढे मोहन यादव यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले.

काँग्रेसने २०२४ मध्ये पाठक यांना लोकसभेची उमेदवारी दिली. भाजपने विद्यमान खासदार शेजवलकर यांना बाजूला ठेवून भारतसिंह कुशवाह यांना उभे केले. ते राज्यात मंत्री होते आणि ग्वाल्हेर ग्रामीणमधून २०२३ मध्ये हरले होते. अर्थात दोन्ही प्रमुख उमेदवार सहा महिन्यांपूर्वी विधानसभेत पराभूत झालेले होते. भारतसिंह यांना ६,७१,५३५ आणि पाठक यांना ६,०१,३२५ मते मिळाली. राज्यातील २९ च्या २९ जागा भाजपने जिंकल्या. ग्वाल्हेरमध्ये २०१९ चे १,४६,८४२ चे मताधिक्य मात्र ७०,२१० वर आले.