गिमवीच्या पाण्यातील कृमी

रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या खेड्याचे नाव १९५२ साली वैद्यकाच्या इतिहासात दाखल झाले. लघवीवाटे रक्त जाण्याचा एक कृमिजन्य विकार मिसर देशात प्राचीन काळापासून ठाण मांडून होता. थिओडोर बिलहार्झ याने १८५१ साली कैरो येथे त्याचा कृमी शोधून काढला. भारतात हा विकार आढळलाच, तर तो आफ्रिकेसारख्या परदेशांतून परतलेल्या माणसांत, अशी समजूत होती. गाडगीळ आणि शहा या संशोधकांना मात्र तो गिमवीच्या रहिवाशांतच आढळला. तेव्हा रोगाचे बीज तेथल्याच पाण्यात असले पाहिजे, हे ओघानेच आले.

या चपटकृमीची जीवनयात्रा मोठी बिकट असते. रोग्याच्या लघवीतून पाण्यात पडलेले अंडे फुटते व केसाळ कवचाचा डिंभ बाहेर येतो. काही तासांच्या आयुष्यात त्याला योग्य जातीची गोगलगाय गाठावी लागते. तिच्या देहात त्याची संतती वाढते आणि दुभंगलेल्या शेपटीचे असंख्य डिंभ पाण्यात उतरतात. तेही अन्न न घेता फार तर एकदोन दिवस जगतात. तेवढ्यात पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून त्यांना आत शिरावे लागते. गोगलगाईचा हा दुवा जपानात मियाइरी आणि सुझुकी यांनी १९१३ साली एका जवळच्या जातीबाबत दाखविला. गुरांना पीडणाऱ्या अशाच कृमीच्या डिंभाचे वर्णन सोपारकर यांनी १९२१ साली प्रसिद्ध केले. गिमवीच्या बाबतीत फेरिसिया नावाच्या चिमुकल्या गोगलगाईकडे बोट दाखविण्यात आले.

एवढासा हा जीव पोहतो, थांबतो, त्वचा ओळखतो. त्याच्या मज्जासंस्थेचे निरोप रसायनांच्या द्वारे जातात. गिमवीचा शोध लागला त्याच १९५२ साली अर्नेस्ट ब्यूडिंग याने या कुळातील एका कृमीत ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारे वितंचक भरपूर असल्याचे दाखविले. माणसात हे द्रव्य हातापायांच्या स्नायूंना आकुंचनाची आज्ञा देते. चपटकृमीत मात्र तेच स्नायूंना शिथिल करते. चेतविण्याचे काम तेथे सेरोटोनिन करते. यकृतातील पर्णकृमीवर मन्सूर याने १९५७ साली हे स्पष्ट केले. पुढे गोगलगाईतील डिंभावस्थेतही सेरोटोनिनने हालचाल वाढते, असे दिसून आले.

ही माहिती निव्वळ कुतूहलाची नव्हती. मूळचे कीटकनाशक असलेले मेट्रिफोनेट त्याच वितंचकाला अडवून कृमीला पंगू करते, व लघवीच्या या विकारावर ते अनेक वर्षे वापरात होते. आता त्याची जागा प्राझिक्वांटेलने घेतली आहे.

तथापि औषध झाले तरी मूळ पाण्यातच राहते. रोग्याची लघवी ओढ्यात जाईनाशी झाली, तर पहिल्या डिंभाला जन्मच मिळत नाही आणि त्याच्या रसायनांचे सारे चातुर्य व्यर्थ ठरते. गिमवीने शिकविलेला धडा हाच आहे.